बुडबुडा आला कुठून?

मुलांनो, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी फिश टँक आहे? ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आज एक काम करायचं. रात्री टीव्ही बंद झाला, घर शांत झालं, की टाकीसमोर दहा मिनिटं नुसतं बसायचं. मासे बघायचे नाहीत बरं का! मासे आपण रोजच बघतो. आज बघायची ती तळाची खडी. एअर पंपाच्या नळीतून जे बुडबुडे येतात त्यांच्याकडेही लक्ष द्यायचं नाही. तिथे हवा पंपच ढकलतो, त्यात नवल ते काय! आपल्याला हवा आहे तो वेगळा बुडबुडा. खडीच्या एखाद्या फटीतून, काही कारण दिसत नसताना, तो टपकन सुटतो, डुलत डुलत वर जातो आणि फुटतो. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसऱ्याच कोपऱ्यातून आणखी एक.

तिथे नळी नाही, पंप नाही. मग हा आला कुठून?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण याच बुडबुड्यांवरून माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी फार वाईट झालं. टाकी सात-आठ महिन्यांची जुनी. तीन गोल्डफिश, तिन्ही गुटगुटीत. एक दिवस खडीतून बुडबुडे येताना दिसले आणि घरातल्या मोठ्यांना वाटलं, टाकी आतून कुजली! रविवारी सगळं घर कामाला लागलं. टाकी रिकामी केली. खडी बादलीत ओतून कपडे धुवायच्या पावडरीने खसाखसा घासली, चार पाण्यांनी धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली. फिल्टरचा स्पंजही धुऊन पिळून काढला. नवं पाणी भरलं. टाकी अशी चकचकीत झाली, जणू आत्ताच दुकानातून आणली. पाचव्या दिवशी पहिला मासा गेला. पुढच्या चार दिवसांत उरलेले दोन. मुलगी शाळेत आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "बाई, आता तर टाकी स्वच्छ होती ना हो?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या खडीतच आहे. तेव्हा चला, खडीत शिरू या.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याच कल्ल्यांमधून तो सारखा अमोनिया बाहेर टाकत असतो. शिवाय त्याची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया म्हणजे माशांना विष. नदीत, तळ्यात पाणी अफाट, तिथे तो पांगून जातो. टाकीत पाणी ते किती? दोन बादल्या! मग आपले मासे महिनोन्‌महिने जगतात कसे?

खडीचा एक दाणा हातात घेतलात तर थोडा बुळबुळीत लागतो. ती बुळबुळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. त्यांतली एक टोळी अमोनिया घेते आणि त्याचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. मग दुसरी टोळी पुढे येते आणि नायट्राइटचं नायट्रेट करते. हे नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य. आपण अधूनमधून थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. नव्या टाकीत ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आता कळलं, त्या रविवारी काय झालं ते? पावडरीने घासून जी काढली ती घाण नव्हतीच. ते टाकीचे सफाई कामगार होते! ते गेले, अमोनिया साठत राहिला, आणि काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे गुदमरले.

अच्छा, पण बुडबुड्यांचं काय?

खडीचा थर म्हणजे एक चाळ आहे असं समजा. वरच्या मजल्यावर हवा खेळती. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तिथे पोचतो, म्हणून मघाचे सफाई कामगार तिथे राहतात. जसजसं खाली जावं तसतसा ऑक्सिजन कमी, कारण वरच्या भाडेकरूंनीच तो संपवलेला असतो. पण म्हणून खालचे मजले रिकामे नसतात हं! तिथे राहणाऱ्या जिवाणूंनी ऑक्सिजनवाचून भागवायची युक्ती शोधली आहे. मधल्या मजल्यावरचे जिवाणू चक्क नायट्रेट वापरतात, त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू सोडून देतात. नायट्रोजन पाण्यात फार थोडा विरघळतो. तो खड्यांच्या फटीत साठतो, साठतो आणि एकदाचा सुटतो. झाला आपला बुडबुडा! आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, म्हणजे हा बुडबुडा अगदी निरुपद्रवी. उलट तो आला तर टाकीतलं थोडं नायट्रेटही आपोआप गेलं म्हणायचं.

आणखी खाली गेलं की मामला जरा बिघडतो. तिथले जिवाणू पाण्यातले सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू करतात. याचा वास तुम्हाला ओळखता येईल. नासक्या अंड्याचा! हा वायू माशांना खरोखरच घातक. पण तो लपून राहत नाही. तो जिथे असतो तिथली खडी काळी पडते. काच जमिनीला टेकते तिथे बाहेरून पाहिलंत की काळे पट्टे दिसतील. शिवाय तो वर येताना त्याला ऑक्सिजनचं पाणी लागलं की बराचसा मोडून जातो. थोडा काळपटपणा दिसला की लगेच घाबरायला नको, पण डोळा ठेवायला हवा.

सगळ्यांत खाली, जिथे कुजका गाळ जाड साचलेला असतो, तिथे मिथेन तयार होतो. गावाकडे गोबरगॅसची टाकी पाहिली असेल ना? तिच्यात शेणाचा काला घालतात आणि वरच्या नळीतून गॅस घरात चुलीकडे जातो, तो मुख्यतः मिथेनच. घरच्या टाकीत दोन इंच खडी असेल तर गोष्ट सहसा तिथवर जात नाही.

या मिथेनची एक छान हकीकत आहे. नोव्हेंबर १७७६. इटलीत माज्जोरे नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठच्या आंजेरा गावाजवळ एक माणूस काठीने तळाचा चिखल ढवळत होता. चिखलातून बुडबुडे यायचे. याने पाण्याने भरलेली बाटली पाण्यातच उलटी धरली आणि बुडबुडे आत गोळा केले. मग त्या वायूला ज्योत लावली, तर तो निळसर ज्योतीने जळाला! लोकांनी असे बुडबुडे हजारदा पाहिले असतील. बाटलीत धरून त्यांची अशी नीट तपासणी केली ती यानं. याचं नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. हो, तोच तो! पुढे १८०० साली ज्याने विजेची पहिली बॅटरी जगापुढे ठेवली आणि ज्याच्या नावावरून आपण 'व्होल्ट' म्हणतो. (ज्योतीचा प्रयोग आपण करायचा नाही. नाहीतर आई रागावेल.)

पण थांबा. प्रत्येक बुडबुडा जिवाणूंचाच असतो असंही नाही. कोरडी खडी टाकून वर पाणी ओतलं की खड्यांमध्ये हवा अडकते आणि ती पुढे काही दिवस सुटत राहते. नळाच्या गार पाण्यातही हवा विरघळलेली असते. पाणी खोलीत जरा कोमट झालं की ती बाहेर पडते. रात्री पेल्यात भरून ठेवलेल्या पाण्यात सकाळी पेल्याला आतून मोत्यासारखे बुडबुडे चिकटलेले असतात, तोच प्रकार. आणि टाकीत हायड्रिलासारखी वनस्पती असेल तर उजेडात तिच्या पानांतून, देठांतून ऑक्सिजनच्या बारीक बुडबुड्यांची माळच निघते. दिवा बंद केला की थोड्या वेळाने माळ थांबते. तेव्हा टाकी किती दिवसांची, बुडबुडा नेमका कुठून आला, उजेडात आला की अंधारातही, हे आधी विचारायचं. शेरलॉक होम्सही हेच करेल.

आमच्या वर्गातही एक टाकी आहे, खिडकीपासून लांब, कपाटाशेजारी. तिला तीन महिने झाले आणि एक दिवस मधल्या सुट्टीत आरोळी आली, "बाई, खडी उकळतेय!" सगळा वर्ग गोळा. मग आम्ही व्होल्टाची युक्ती केली. आधी पंपाचं बटण बंद करून पिन काढून ठेवली. (टाकीत हात घालण्याआधी हे करायचंच, आणि मोठं माणूस शेजारी असतानाच.) होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली धुऊन पाण्याने भरली, पाण्यातच उलटी धरली आणि तिच्याखालची खडी पट्टीच्या टोकाने हलकेच टोचली. टप, टप, टप. तीन बुडबुडे आत गेले, बाटलीतलं पाणी तेवढं खाली सरकलं. पाण्यातच बूच लावून बाटली बाहेर काढली. एकेकाने वास घेतला. कसलाच वास नाही! निम्मा वर्ग हिरमुसला, त्यांना नासकं अंडं हवं होतं. पण विचार करा, वास नाही म्हणजे नासक्या अंड्याचा वायू नाही. टाकी तीन महिन्यांची, म्हणजे पहिल्या दिवसांतली अडकलेली हवाही नसावी. खडी दीड इंच आणि काळी कुठेच नाही. तेव्हा नायट्रोजन असावा, असा आमचा अंदाज. मासे मात्र मजेत होते आणि आम्ही कशालाही हात लावला नाही.

वास आला आणि खडी काळी दिसली तर? तेव्हाही सगळी खडी एकदम ढवळायची नाही, नाहीतर खालचा सगळा वायू एका दमात पाण्यात येतो. नळीने सायफन करून खडीच्या एकेका भागातला गाळ ओढून काढायचा, आज हा कोपरा, पुढच्या आठवड्यात तो. पाणी चौथा हिस्साच बदलायचं, आणि नवं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपले सफाई कामगारही मारतं. खडी किंवा स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यायचा. साबणाचा थेंबही नको. टोकदार शंखाच्या छोट्या गोगलगायी मिळाल्या तर त्या दिवसा खडीत पुरून राहतात आणि फिरता फिरता खडी मोकळी करतात. फुकटचे नांगरच!

पालकांनाही एक सांगायचं आहे. खाद्याचा डबा मुलांच्या हाती द्या, पण चमचा तुम्ही ठरवा. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढंच. काळ्या खडीची सुरुवात बहुतेक वेळा लाडाने टाकलेल्या जादा चिमटीतून होते.

ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. सेर्गेई विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मातीतल्या आणि चिखलातल्या जिवाणूंचा खूप अभ्यास केला. त्याच्यासारखी बाटली आपल्याला करता येते. मोठ्यांना बरोबर घेऊन तळ्याच्या काठचा ओंजळभर चिखल आणा. त्यात वर्तमानपत्राच्या कागदाचे बारीक कपटे, अंड्याचं कवच कुटून आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत हे निम्म्याच्या वर भरा, वर तळ्याचंच पाणी घाला, झाकण सैल ठेवा. घट्ट लावलंत तर आतला वायू बाटली फुगवेल. उजेडाच्या खिडकीत ठेवा, भर उन्हात नको. हात साबणाने स्वच्छ धुवा. (इथे साबण हवाच!)

पहिले काही दिवस नुसता चिखल दिसेल. मग चिखलात बुडबुड्यांच्या फटी पडतील, खालून काळा रंग चढू लागेल. महिन्या-दीड महिन्यात काचेलगत कुठे हिरवा, कुठे जांभळट, कुठे गंजासारखा पट्टा उमटेल. प्रत्येक पट्टा म्हणजे चाळीचा एकेक मजला. दर रविवारी रंगीत खडूने बाटलीचं चित्र काढा आणि खाली तारीख घाला. दोन मित्रांनी दोन वेगळ्या तळ्यांचा चिखल आणला तर पट्टेही वेगळे येतात.