दुव्याचें दार कोठें उघडावें?

चाकण, म्हाळुंगे, निघोजे या बाजूस कारखान्यांसाठीं जमिनी गेल्यापासून उरलेल्या एकेका गुंठ्याच्या उताऱ्यास मोल आलें आहे. सात-बारा, आठ-अ, फेरफार हीं कागदपत्रें आतां पडद्यावरच पाहावीं लागतात. म्हणून एका लहानशा गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों : दुवा, म्हणजे लिंक, दाबली असतां नवें पान उघडतें तें कोठें?

गेल्या हंगामांत आम्ही एका योजनेचा अर्ज भरीत होतों. गट क्रमांक, क्षेत्र, बँकेचें खातें सर्व लिहून झालें आणि शेवटीं अटी वाचाव्या म्हणून तेथील दुव्यावर बोट ठेवलें. मागें फिरून पाहतों तों अर्ज कोरा! कांहीं वेळां ब्राउझर मजकूर राखतो, पण त्याचा भरंवसा नाहीं.

पाटाचें पाणी दुसऱ्या वाफ्यांत वळविलें कीं पहिल्याचें दार बंद होतें. साध्या दुव्याचें तसेंच आहे. तो चालू पान काढून त्याच जागीं दुसरें आणतो. पान रचणारानें दुव्याच्या ‘टार्गेट’ या गुणापुढें ‘ब्लँक’ लिहिलें असेल तरच नवें पान वेगळ्या टॅबांत येतें. परंतु त्याच्या मर्जीवर विसंबण्याचें कारण नाहीं. संगणकावर कंट्रोलची कळ धरून दुवा दाबावा, किंवा त्यावर माऊसचें चाक दाबावें. शिफ्ट धरल्यास वेगळी खिडकी उघडते. मोबाईलवर दुव्यावर बोट क्षणभर रोखून धरावें, म्हणजे नव्या टॅबाचा पर्याय दिसतो. प्रत्येक बटण हें ऐकतेंच असें मात्र नाहीं. बटण दाबूनही कांहीं उघडलें नाहीं, तर ब्राउझरनें नवी खिडकी अडविली असण्याचा संभव असतो. तेव्हां त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी.

नव्या टॅबांतही पूर्वी एक मोठी खोड होती. नव्या पानास, ज्या पानावरून तें उघडलें त्याचा पत्ता बदलण्याची मुभा असे. आपण इकडे वाचीत असतां तिकडे मागच्या टॅबांत बँकेच्या पानाची नक्कल येऊन बसे, आणि परतलेला मनुष्य निःशंकपणें परवलीचा शब्द लिही. ‘नोओपनर’ एवढा शब्द दुव्यांत लिहिला कीं ही वाट बंद होई. पण लिहिणारे थोडे. अखेर सफारीनें २०१९ सालीं, फायरफॉक्सनें २०२० सालीं व क्रोमनें २०२१ सालीं ती आपण होऊनच बंद केली. त्याहून जुना ब्राउझर वापरणाऱ्यांस ती अजून उघडी आहे. त्यांनीं तो अद्ययावत करून घ्यावा.

व्हॉट्सॲपवर आलेला दुवा नव्या टॅबांत उघडला म्हणून खरा ठरत नाहीं. पत्त्याच्या पट्टींतील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वींचा भाग वाचावा. राज्याच्या भूमि अभिलेखांच्या पत्त्यांत तो ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ येथें संपतो. एका अक्षराचाही फरक दिसल्यास टॅब बंद करावा.