वेखंडाचे किती वेढे?

बाळंतिणीच्या खोलीत सहाण आली की वेखंड आलेच. हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा आणि वेखंड. आईच्या दुधात एकेक उगाळायचे, कशाचे दोन वेढे तर कशाचा एक. बाळाचे पोट दुखू नये, त्याला लवकर वाचा फुटावी, एवढीच त्यामागची माया. पण वेढे मोजून वेखंडाची मात्रा ठरत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

वेखंड पाणथळ जागी वाढते. पाने तलवारीच्या पात्यासारखी, जमिनीत आडवे गाठाळ खोड. तेच वाळवून आपण वापरतो. त्यातल्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते आणि ते सगळ्या वेखंडात सारखे नसते. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडाच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात. त्यात हे द्रव्य जवळजवळ नसतेच. काही शास्त्रज्ञ त्याला वेगळी जातच मानतात. युरोपातल्या वेखंडात 36 गुणसूत्रे आणि द्रव्य थोडे. या झाडाला बी धरत नाही, खोडाचा तुकडा लावूनच ते पसरते, म्हणून जशी आई तशी लेक. भारतात आणि पूर्व आशियात आढळणाऱ्या 48 गुणसूत्रांच्या वेखंडात मात्र हे द्रव्य सर्वांत जास्त, कधी कधी तेलाच्या तीन-चतुर्थांशाहूनही अधिक. त्यात भर म्हणजे खोड कधी काढले, किती दिवस साठवले, यानेही तेल कमी-जास्त होते.

काष्ठौषधीच्या दुकानातल्या डब्यात मात्र सगळे एकच: वेखंड. नुसत्या डोळ्यांनी किंवा वासाने फरक कळत नाही. मागच्या बाळाला सोसले ते या बाळाला सोसेलच असे नाही, कारण या खेपेचा तुकडाच वेगळा असू शकतो.

फरक एवढा मनावर का घ्यायचा? भारतीय वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्या. 1968 साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. माणसांतही तसेच होते असे सिद्ध झालेले नाही. पण वेखंड पोटात गेल्यावर उलट्या होतात हे डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि चार किलोच्या बाळाला उलट्या परवडत नाहीत.

परंपरेने सांगितले एवढ्यावरून मानू नका, तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गुटीच्या वाटीलाही ते लागू आहे. सासूबाईंशी भांडण नको. आशाताईंना घरी बोलावून त्यांच्यासमोर बोलणे झाले तर सोपे जाते.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. औषध द्यायचे ते डॉक्टरांनी सांगितलेलेच. वेखंडाचा तुकडा दोऱ्यात ओवून गळ्यात किंवा मनगटात बांधू नका, बाळ तो तोंडात घालते. घरात वेखंड असेलच तर कपड्यांच्या पेटीत ठेवा, कसर लागत नाही. गुटी दिल्यावर बाळ सतत ओकत असेल, सुस्त पडले असेल किंवा दूध ओढत नसेल, तर थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर 108 ला फोन करा, आणि उगाळलेला तुकडा सोबत घेऊन जा.