विकला गेलेला होळकरी रुपया

दुकानात नाणे विकले की पेटीतली जागा रिकामी होते आणि दुसरे नाणे तिथे येऊन बसते. संकेतस्थळावर मात्र त्याच फोटोवर लाल अक्षरांत ‘सोल्ड’ उमटते आणि नाणे वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. इंदूरजवळच्या सिमरोलमध्ये बसून होळकरांची नाणी अभ्यासणाऱ्याला या विकल्या गेलेल्या मालाने जेवढे शिकवले, तेवढे विक्रीला असलेल्या मालाने शिकवले नाही.

आधी सगळा कारभार कागदावर होता. लंडनच्या स्पिंक या नाणेविक्रेत्या पेढीने १८९२ साली ‘न्युमिस्मॅटिक सर्क्युलर’ सुरू केले. त्या काळच्या लिलावांच्या कॅटलॉगात नाण्याचा थेट फोटो क्वचितच असे. प्लॅस्टरमध्ये त्याचा साचा घेऊन त्याचे छायाचित्र छापत. कोणते नाणे कितीला गेले याचा कागद लिलावानंतर वेगळा निघे. तो हरवला की कॅटलॉगची निम्मी किंमत गेली. इकडे सराफ्यात तर जुना रुपया चांदीच्या भावाने तोलला जाई, त्याची नोंद कोण ठेवणार?

मग इंटरनेटवर खरेदीविक्रीचे बाझी डॉट कॉम आले, २००४ मध्ये ते ईबेने घेतले आणि घरबसल्या नाणी दिसू लागली. पण तिथल्या विक्रीच्या नोंदी थोडे दिवसच दिसत. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचा भारतातला बाजार बंद झाला आणि उरलेसुरलेही गेले. टिकले ते लिलावघरांचे. मुंबईचे टोडीवाला, बंगळुरूचे मरुधर आर्ट्स यांच्या जुन्या लिलावांची पाने आजही फोटो आणि अंतिम बोलीसह चाळता येतात.

त्याचा उपयोग काय, ते मल्हारनगरच्या रुपयावर पाहावे. मल्हारनगर म्हणजे इंदूरची टाकसाळ. वजन सव्वाअकरा ग्रॅमच्या आतबाहेर, एका बाजूला सूर्याचा चेहरा, आणि मजकूर फारसीत, शाहआलम बादशहाच्या नावाचा. शाहआलम १८०६ मध्ये वारला तरी नाण्यावरचे नाव पुढे कित्येक वर्षे चालू राहिले, म्हणून सालाला महत्त्व. आणि नेमके सालच सापडत नाही! ठसा मोठा, चांदीची चकती लहान. कधी आकडे काठाबाहेर जातात, कधी बादशहाचे अर्धे नाव. एका रुपयावर डावी बाजू उमटते, दुसऱ्यावर उजवी. विकल्या गेलेल्या दहा-बारा रुपयांचे फोटो शेजारी शेजारी मांडले की ठशावरचा अख्खा मजकूर जुळतो. होळकरांच्याच महेश्वर टाकसाळीच्या शिवलिंग-बेलपानाच्या रुपयाचेही तसेच.

बनावटही इथेच पकडली जाते. दोन ‘वेगळ्या’ रुपयांवर त्याच जागी तोच ओरखडा आणि काठाला तोच टवका दिसला, तर त्यातला निदान एक बनावट आहे हे नक्की. उलट बाजूही आहे: हेच फोटो उचलून हातात नसलेले नाणे विकणारे भामटे कमी नाहीत.

विक्रेते हे फोटो काही अभ्यासकांसाठी ठेवत नाहीत. ‘आमच्याकडून असा माल जातो’ ही जाहिरात असते, आणि त्यात गैर काही नाही. खटकते ते ‘सोल्ड’ लिहून किंमत पुसणे. गिऱ्हाइकाचे नाव झाकावे, ते योग्यच. किंमत झाकल्याने फक्त पुढच्या गिऱ्हाइकाला अंधारात ठेवता येते. शिवाय दुकानदाराने स्वतः लावलेली किंमत आणि लिलावातली बोली यांत फरक असतो. दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या १९३५ च्या तांब्याच्या पाव आण्यापुढे कोणी भलताच आकडा लिहून ‘सोल्ड’ लावले, म्हणून तो बाजारभाव ठरत नाही.

तेव्हा नाणेविक्रेत्यांना विनंती एवढीच: माल गेल्यावर फोटो, वजन, विक्रीची तारीख आणि किंमत पानावर राहू द्या. आणि वाचकहो, उपयोगाचे पान दिसले की तारखेसकट उतरवून ठेवा. संकेतस्थळ बंद करताना कोणी विचारायला येत नाही.