रात्रीच्या पाळीसाठीं घरीं जुळविलेली विजेरी

रात्रीं दारें धरण्यास जाणाऱ्या मनुष्याच्या हातांत उजेड कसा आहे, यावर पुष्कळ वेळां त्याच्या जिवाचा हवाला असतो. मण्यार रात्रींच फिरते. घोणस वाळल्या पाचोळ्यांत पडून राहिली तर दोन हातांवरूनही ओळखूं येत नाहीं. अशा वेळीं बांधावर विजेरी मध्येंच मंद झाली म्हणजे पाऊल कोठें पडेल याचा नेम नाहीं. बाजारांतील कित्येक स्वस्त विजेऱ्यांचा उजेड पहिल्या घटकेस डोळे दिपविणारा व मध्यरात्रीनंतर पणतीसारखा असतो. म्हणून ज्यास थोडें झाळकाम येतें, किंवा ज्याच्या गांवांत मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर आहे, त्यानें सुटे भाग आणून आपली विजेरी आपणच जुळवावी, असें आमचें मत आहे. त्या भागांची निवड कशी करावी, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एलईडीचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. विजेरींतील पांढरी एलईडी मुळांत निळ्या प्रकाशाची असते. तिच्यावरील पिवळ्या लेपामुळें उजेड पांढरा दिसतो. ही निळी एलईडी साध्य केल्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. साधारण एलईडी सुमारें ३ व्होल्टवर पेटते. परंतु दाब किंचित् वाढला कीं तींतून जाणारा प्रवाह एकदम पुष्कळ वाढतो. शिवाय ती तापली म्हणजे त्याच दाबावर आणखी प्रवाह ओढते. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तेव्हां सेल व एलईडी थेट जोडणें म्हणजे पाटाचें दार न लावतां सारें पाणी एका वाफ्यांत सोडण्यासारखें आहे. हें दार म्हणजेच ड्रायव्हर बोर्ड. उजेडाची किंमत एलईडीवरून करितात, पण विजेरीचा भरंवसा या बोर्डावर असतो.

एक सेल व एक ३ व्होल्टची एलईडी असेल तर एएमसी ७१३५ या चिपचा बोर्ड पुरेसा आहे. अशी प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर प्रवाह राखते. चार चिपा असल्यास १४००, आठ असल्यास २८००. जास्तीचा दाब ती उष्णतेच्या रूपानें घालविते. म्हणून दोन सेल एकापुढें एक जोडून हा बोर्ड कदापि वापरूं नये. तेथें दाब उतरविणारा 'बक' बोर्ड घ्यावा. आणि एका सेलवर ६ किंवा १२ व्होल्टची एलईडी चालवावयाची असेल तर दाब चढविणारा 'बूस्ट' बोर्ड घ्यावा.

आतां जमाखर्च पाहूं. सेलची खरी साठवण ३००० मिलिअँपिअर-तास धरली, तर ३५० वर ती सुमारें आठ तास पुरते, १४०० वर दोन तास, आणि २८०० वर जेमतेम एक तास. प्रवाह आठपट केला म्हणून डोळ्यांस आठपट दिसत नाहीं. चांगल्या एलईडीचा ३५० वरील उजेड, म्हणजे सुमारें शंभर लुमेन, पायवाटेस पुरेसा आहे. म्हणून मंद व तीव्र असे दोन टप्पे असलेला, आणि सेल ३ व्होल्टच्या आसपास उतरतांच इशारा देणारा बोर्ड पसंत करावा. कांहीं बोर्ड मंद उजेडासाठीं दिवा भराभर बंद-चालू करितात. त्यांची गति कमी असेल तर फिरता पट्टा किंवा पंखा स्थिर भासण्याचें भय असतें. उजेडांत हात जोरानें हालवून पाहावा. बोटें तुटक दिसल्यास तो बोर्ड परत द्यावा.

एलईडी निवडतांना काम पाहावें. पायापुढील जमीन पाहण्यास रंग खरे दाखविणारी एलईडी हवी. हा गुण सीआरआय या अंकानें सांगतात, व तो ९० च्या वर असावा. निचियाची २१९, ल्युमिनसची एसएसटी-२० व सॅमसंगची एलएच३५१डी यांत असे प्रकार मिळतात. उजेडाचा वर्ण ४००० ते ५००० केल्विन घ्यावा. त्याच प्रवाहांत निळसर एलईडीपेक्षां उजेड थोडा कमी पडेल, परंतु पाचोळा व घोणस यांतील तपकिरी रंगाचा भेद अधिक स्पष्ट दिसेल. रानडुकरांची राखण करणारास लांबचा झोत हवा. त्यानें ओस्रामच्या सपाट, लहान पृष्ठाच्या एलईडी घ्याव्या. एकाच विजेरीकडून दोन्हीं कामें उत्तम होत नाहींत.

एलईडीस दिलेल्या विजेचा सुमारें अर्धा, कधीं त्याहूनही अधिक भाग उष्णता होतो. ती बाहेर पडण्यास तांब्याच्या पट्टीवर बसविलेली एलईडी घ्यावी, पट्टीखालीं उष्णतावाहक लेप पातळ लावावा, आणि ती ॲल्युमिनियमच्या अंगास घट्ट टेकवावी. प्लास्टिकच्या नळींत तीव्र टप्पा चालवूं नये.

सेल १८६५० या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, आणि संरक्षक चकतीचा घ्यावा. या मापांत साधारणपणें ३५०० मिलिअँपिअर-तासांहून फारसें मावत नाहीं. ९९०० असें छापलेला सेल खोटा समजावा. तो ४.२ व्होल्टवर आपोआप थांबणाऱ्या चार्जरनेंच भरावा, आणि फुगलेला किंवा साल फाटलेला सेल टाकून द्यावा.

शेतांत नेण्यापूर्वीं विजेरी एक रात्र ओट्यावर मंद टप्प्यांत पेटती ठेवावी, व दर तासास उजेड आणि अंगाची ऊब पाहावी. पाळी संपेपर्यंत उजेड टिकला तरच ती बांधावर न्यावी. आणि तरीही खिशांत दुसरी लहान विजेरी असूं द्यावी.