सुफेन पाण्यातील बुटकी कोळंबी आणि लहान मासे : सहजीवनाचा विचार

प्रस्तावना :
घरगुती मत्स्यपेटीत लहान माशांसोबत बुटकी कोळंबी पाळली जाते. कोळंबी नाहीशी झाली की दोष माशांना दिला जातो. वस्तुतः पाण्यातील खनिजांची उणीव आणि आसऱ्याचा अभाव ही दोन्ही संकटे ती कात टाकते त्या वेळी एकत्र येतात. प्रस्तुत लेखात या अवस्थेचा विचार केला आहे.

प्रजाती व अधिवास :
दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग आणि हाँगकाँग येथील ओढ्यांत आढळणाऱ्या 'मधमाशी कोळंबी'चे कॅरिडिना लोगेमानी असे नामकरण २०१४ मध्ये झाले. तिच्यासोबत ठेवला जाणारा बोरारस ब्रिजिटी हा बोर्निओतील मासा जेमतेम २ सें.मी. लांबीचा असतो. दोहोंना सुफेन, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. तापमान मात्र कोळंबीला सोसेल असे, २३ ते २४ अंश सेल्सिअस ठेवावे लागते.

कात आणि खनिजे :
कोळंबीचे कवच शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून ती वारंवार कात टाकते. नवे कवच टणक होण्यास कॅल्शियम लागते आणि त्याचा मोठा वाटा ती पाण्यातून घेते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असल्याने आर.ओ. यंत्राचे पाणी वापरले जाते. परंतु त्यात खनिजे जवळजवळ नसतात. म्हणून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मिसळून एकूण कठीणता लिटरमागे ७० ते १०० मि.ग्रॅ. राखावी. बायकार्बोनेट टाळावे, कारण त्याने आम्लता घटते. सुफेन म्हणजे खनिजहीन नव्हे.

आसरा :
कात टाकल्यावर कवच मऊ असते, म्हणून कोळंबी दडून बसते. आडोसा नसल्यास लहान मासाही तिला टोचतो. या प्रजातीत मुक्त अळी-अवस्था नसते. सुमारे २ मि.मी.ची पिले थेट कोळंबीच्या रूपात अंड्यातून बाहेर पडतात आणि सहज माशांचे भक्ष्य होतात. यास्तव जावा मॉससारखे दाट शेवाळ प्रथम वाढवावे, कोळंबीची वीण स्थिरावू द्यावी आणि त्यानंतरच मोजके मासे सोडावेत. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे या पेटीत वापरू नयेत. ती कोळंबीला प्राणघातक ठरतात.

निष्कर्ष :
मासा लहान निवडल्याने प्रौढ कोळंबी वाचते. पुढची पिढी वाचते ती खनिजांच्या समतोलामुळे आणि दाट आसऱ्यामुळे. पाळणाऱ्याने माशाच्या आकाराइतकेच लक्ष या दोन बाबींकडे देणे आवश्यक आहे.