ग्रंथपालांच्या अधिवेशनातून काय आणावे?

आपल्या मंडळाच्या डिंडोलीतल्या वाचनालयाची अडचण सगळ्यांना माहीत आहे. कपाटे भरलेली आहेत आणि वाचक कमी होत आहेत. खानदेशातून लूम, मिल आणि बांधकामाच्या कामासाठी सुरतेत आलेली आपली आधीची पिढी मराठी शाळेत शिकली होती. तिला कादंबरी लागायची, दिवाळी अंक लागायचे. आता नातवंडे घरी अहिराणी ऐकतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण आपली सगळी मुले तिथे जात नाहीत. त्यामुळे दरवर्षी पुस्तकखरेदीचा विषय निघाला की कोणीतरी विचारतेच, "वाचणार कोण?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर हेच काम रोज करणाऱ्या माणसांना भेटायला हवे, म्हणून गेल्या वर्षी मी खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांच्या ग्रंथालय अधिवेशनाला गेलो. मी ग्रंथपाल नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि रविवारी वाचनालयाची देवघेव पाहतो. आपल्यासारखी हौशी वाचनालये चालवणाऱ्यांना अशा अधिवेशनाचा उपयोग होतो का, असे बऱ्याच जणांनी विचारले. होतो, पण काही तयारी करून गेले तर. ती तयारी कोणती, ते या लेखात सांगतो.

कोणते अधिवेशन आपले?

ग्रंथालयांची अधिवेशने एकाच प्रकारची नसतात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्या कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. या वाचनालयांचे जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर संघ आहेत आणि ते आपापली अधिवेशने भरवतात. दुसरीकडे इंडियन लायब्ररी असोसिएशन (स्थापना १९३३) किंवा कोलकात्याची इयास्लिक (१९५५) यांच्या परिषदांना मुख्यतः महाविद्यालये, विद्यापीठे आणि संशोधन संस्थांतले ग्रंथपाल येतात. आपल्या गुजरातेत गांधीनगरला इन्फ्लिबनेट ही संस्था आहे. तिच्या परिषदा विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी आणि संगणकीकरणासाठी असतात.

चार कपाटांच्या वाचनालयाने आधी जिल्हा संघाच्या अधिवेशनाला जावे, असे मला वाटते. तिथे येणारा माणूस एका खोलीत, एका मदतनिसाच्या भरवशावर वाचनालय चालवत असतो. त्याची अडचण आणि आपली अडचण सारखीच असते. नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही ठिकाणे तर उधन्याहून एका गाडीच्या प्रवासावर आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. या अधिवेशनांत अनुदानवाढ, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि दर्जाबदल यांवर बरेच बोलले जाते. महाराष्ट्राचा कायदा महाराष्ट्रापुरता आहे, त्यामुळे यातले काही आपल्याला लागू होत नाही. गुजरातचा स्वतंत्र कायदा २००१ सालचा आहे. तरी ही भाषणे ऐकावीत. अपुऱ्या पैशांत काय काय चालवता येते, याची कल्पना तिथेच येते.

एकच प्रश्न घेऊन जा

निघण्यापूर्वी मी वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य लिहिले होते: "जे मूल मराठी शाळेत जात नाही, त्याच्या हातात मराठी पुस्तक कसे पोहोचेल?" दोन दिवस भेटेल त्याला हेच विचारले. दहा विषयांची थोडी थोडी माहिती गोळा करण्यापेक्षा एका विषयावर दहा जणांचा अनुभव मिळाला, तर परत आल्यावर काहीतरी करता येते.

ग्रंथालयशास्त्राचे मोठे नाव असलेल्या रंगनाथन यांचेच उदाहरण घ्या. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी शिकायला लंडनला गेले. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या रूढ पद्धती त्यांना पटत नव्हत्या. तो प्रश्न डोक्यात ठेवून त्यांनी इंग्लंडमधली शंभरावर ग्रंथालये पाहिली. वाट मात्र सुचली ती लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात, मेकॅनोचा खेळ पाहून. त्याच पट्ट्या आणि त्याच नटबोल्टांपासून वेगवेगळी खेळणी बनतात, मग विषयाचे तुकडे जोडून पुस्तकाचा क्रमांक का बनू नये? त्यातून त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत तयार झाली आणि १९३३ साली पुस्तकरूपाने आली. मेकॅनो त्या दुकानात इतरांनीही पाहिला असेल, पण रंगनाथन यांच्या डोक्यात प्रश्न आधीपासून होता.

जेवणाच्या रांगेत मिळालेले उत्तर

सभागृहात बसणे गरजेचे आहेच. पण दुपारी जेवणाची रांग लागते तेव्हा खरी कामाची बोलणी होतात. मी सुरतेहून आलो म्हटल्यावर एका काकांनी लगेच विचारले, "तुमनं गाव कोणतं, भाऊ?" आणि मग अर्ध्या तासात त्यांनी चार ग्रंथपालांशी ओळख करून दिली. आपल्या माणसांना गावाचे नाव सांगायला संकोच करू नये.

त्या चौघांत तालुक्याच्या गावी वाचनालय चालवणाऱ्या एक ताई होत्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी उलट विचारले, "मुले वाचनालयात येत नाहीत, मग पुस्तके मुलांकडे का जात नाहीत?" त्या स्वतः पेट्या फिरवतात. एका पेटीत वीसेक पुस्तके, पेटी एका घरी, तीन महिन्यांनी बदल. मी कौतुक केले तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "यात माझे काही नाही. ही तर तुमच्या गुजरातेतलीच पद्धत. बडोद्याची."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. परत येऊन मी वाचले, तेव्हा आपल्या इतक्या जवळची ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, असे वाटून गेले.

बडोद्याच्या पेट्या

महाराजा सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सोडल्यावर शिकलेले विसरू नये यासाठी ग्रंथालये हवीत, हा त्यामागचा पुढचा विचार होता. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात महाराजांच्या खासगी संग्रहाची भर पडली आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. गावच्या वाचनालयासाठी नियम सोपा होता: ठरलेल्या मर्यादेपर्यंत गाव जेवढी वर्गणी जमवेल, तेवढीच रक्कम सरकार घालेल आणि तेवढीच प्रांत पंचायत.

जिथे वाचनालय नव्हते तिथे फिरत्या पेट्या जात. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके असत. गावातल्या जबाबदार माणसाच्या नावाने ती जाई आणि ने-आणीचा खर्च संस्थान करी. आपल्या शेजारचे नवसारी, आणि खानदेशला जाताना लागणारे व्यारा व सोनगड, हे सगळे बडोदा संस्थानातलेच.

या चळवळीने 'लायब्ररी मिसलेनी' नावाचे नियतकालिक १९१२ मध्ये सुरू केले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचे. बॉर्डन यांच्यानंतर काम पाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर १९१९ साली मद्रासला भरलेल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्ष होते. परिषदेचा दिवस १४ नोव्हेंबर. आज देशभर १४ नोव्हेंबरपासून राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह पाळला जातो, तो याच परिषदेच्या आठवणीने.

स्टॉलवर काय विचारावे

अधिवेशनात पुस्तकांचे आणि ग्रंथालय सॉफ्टवेअरचे स्टॉल असतात. पुस्तकांच्या स्टॉलवर सवलत पाहून लगेच खरेदी करू नये. आधी यादी घ्यावी आणि शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपालाला विचारावे, "यातले मुले खरोखर कोणते नेतात?" मला मिळालेला सल्ला असा: गुजराती माध्यमाच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, पण लांब परिच्छेद आणि जोडाक्षरे दिसली की ती पुस्तक मिटतात. म्हणून मोठे टाइप, पातळ पुस्तक, पानावर चार-सहा ओळी आणि चित्र.

सॉफ्टवेअर हा माझा धंदा, म्हणून यावर थोडे जास्त लिहितो. लहान वाचनालयाने पैसे देण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: आमची सगळी नोंद आम्हाला हवी तेव्हा साध्या तक्त्यात बाहेर काढता येईल का? उत्तर गोलमाल असेल तर पुढे जावे.

दुसरा: नोंदी युनिकोडमध्ये आहेत का? जुन्या फॉन्टात टाइप केलेली यादी दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हे होऊन बसते. युनिकोडमध्येही एक खोच आहे. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. मग पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही. स्टॉलवरच असा एखादा शब्द टाइप करून पाहावा.

तिसरा: दरवर्षीचा खर्च किती? कोहा हे ग्रंथालय सॉफ्टवेअर मोफत आणि खुले आहे. न्यूझीलंडमध्ये २००० च्या सुमारास ते वापरात आले. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. पण ते चालवायला जाणता माणूस लागतो. हजार-बाराशे पुस्तकांना नीट ठेवलेली दाखल नोंदवही आणि एक तक्ता सध्या पुरेसा आहे, असे माझे मत झाले.

इथे मला एक गोष्ट ग्रंथपालांकडून शिकायला मिळाली. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, प्र. के. अत्रे आणि आचार्य अत्रे अशी एकाच लेखकाची दोन नावे असतील तर एक नाव मुख्य धरायचे आणि दुसऱ्यापुढे 'पाहा' अशी नोंद करून पहिल्याकडे पाठवायचे. आपल्या यादीत आता तशा नोंदी करायला घेतल्या आहेत.

परत आल्यावर पंधरा दिवस

अधिवेशनाहून आणलेली पिशवी, पेन आणि स्मरणिका घरात पडून राहतात. उत्साह साधारण पंधरा दिवस टिकतो, तेवढ्यात एक तरी काम सुरू व्हायला हवे. मी कार्यकारिणीला एक पानी टिपण दिले. त्यात तीनच भाग होते: काय पाहिले, पैशांशिवाय काय करता येईल, पैसे लागतील असे काय. भेटलेल्या चौघांना त्याच आठवड्यात फोन केले. त्यातल्या ताईंनी आपल्या पेटीतल्या पुस्तकांची यादी पाठवली.

मग आपण चार पेट्या केल्या. प्रत्येकीत वीस पुस्तके. डिंडोली-खरवासा रोडच्या बाजूच्या सोसायट्यांत चार घरी त्या ठेवल्या. किल्ली त्या घरच्या ताईकडे, सोबत एक वही. दोन पेट्या चांगल्या चालल्या. त्या दोन्ही घरी आजी किंवा आई मुलांना मोठ्याने वाचून दाखवत होती. एका घरी तर आजी वाचता वाचता अर्धी गोष्ट अहिराणीत सांगते आणि पुढचे पान मुलाला वाचायला लावते. उरलेल्या दोन पेट्या फारशा उघडल्या गेल्या नाहीत, कारण त्या घरी दोघेही कामावर जातात आणि मुले पेटीपर्यंत आली तरी बसवून घेणारे कोणी नव्हते. त्या आता दुसऱ्या दोन घरी नेल्या आहेत.

"वाचणार कोण?" या प्रश्नाचे पूर्ण उत्तर यातून मिळाले, असे मी म्हणणार नाही. पण पुस्तकाशेजारी एक वाचणारे मोठे माणूस लागते, एवढे कळले आणि पुढच्या खरेदीत मुलांच्या पातळ पुस्तकांना अर्धी रक्कम ठेवायचे ठरले.

पुढच्या वेळी कोण येणार?

यंदा दोघांनी जावे असे ठरते आहे, त्यातली एक महिला सदस्य असावी. दोघे असले की एकाने सभागृहात आणि एकाने स्टॉलवर थांबता येते. ज्यांना यायचे आहे त्यांनी हे करावे:

१. एक प्रश्न एका वाक्यात लिहून मंडळाला द्यावा.
२. आपल्या वाचनालयाची पुस्तकसंख्या, वर्गणीदार आणि वेळ एका कागदावर सोबत ठेवावी. समोरचा पहिल्यांदा हेच विचारतो.
३. रोज किमान तीन अनोळखी ग्रंथपालांशी बोलावे आणि नाव, गाव, त्यांनी केलेले एक काम लिहून घ्यावे.
४. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाच्या टिपणांतून एकच करण्याजोगी गोष्ट निवडावी.
५. परतल्यावर पंधरा दिवसांत कार्यकारिणीपुढे एक पान ठेवावे.

घरी पेटी ठेवायला तयार असलेल्यांनीही रविवारी सकाळी वाचनालयात येऊन नाव द्यावे. घरात मराठी वाचू शकणारी आजी असेल तर त्या घराचा नंबर आधी लागेल.