फौजी चाचांचा सुटलेला रोजा

नागपूर-भंडारा महामार्गावरच्या आमच्या शहापुरात वर्दीचं कुणाला अप्रूप नाही. शेजारीच जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तरीही ‘फौजी चाचा’ म्हटलं की एकच चेहरा डोळ्यांसमोर येतो. 1971च्या लढाईच्या वेळी ते विशीत होते. आता पंचाहत्तरी उलटली. पंधरा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, लघवीचा त्रास आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या रमजानमध्ये जाड चष्मा लावून कुरआन पठण करणाऱ्या चाचांना यंदा ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. अट एकच : शुगर आटोक्यात हवी. डॉक्टरांनी रोजे ठेवू नका, असं स्पष्ट बजावलं होतं. चाचांनी मान डोलावली आणि घरी येऊन गुपचूप रोजे सुरू केले. सकाळची गोळी कधी सहरीला, कधी नाहीच. इफ्तारला खजूर, सरबत, भजी. शुगर दिवसा खाली, रात्री वर.

एका दुपारी जोहरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. घरून मीटर आणून बोटातून थेंबभर रक्त काढलं. आकडा 58. सत्तरच्या खाली गेला की रोजा लगेच सोडायचा, हे डॉक्टर नेहमी सांगतात. मी साखरेचं पाणी पुढे केलं, तर म्हणाले, “बेटा, तीनच तास राहिलेत. फौजेत मी चौकी सोडली नाही कधी.”

शेवटी इमामसाहेबांनी ग्लास हातात घेतला. म्हणाले, “चाचा, चौकी सोडायचा हुकूम वरूनच आला असेल तर?”

चाचा प्यायले. डोळ्यांतून पाणी आलं, ते मोतीबिंदूचं नव्हतं.

आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआननेच सवलत दिली आहे. बरं झाल्यावर सुटलेले रोजे भरून काढायचे. बरं होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालायचं, म्हणजे फिदिया. आपल्याकडच्या अनेक बुजुर्गांना ही सवलत घेणं म्हणजे हार वाटते. पण ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच सवलतही दिली. मग एक हुकूम मानायचा आणि दुसरा नाकारायचा, ही कसली शिस्त?

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. त्यात लघवीसाठीची टॅम्सुलोसिन निघाली. चाचांनी तिचा उल्लेखच केला नव्हता. डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? पण या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते, तिच्याभोवतीचा पडदा ढिला पडतो. आधी कळलं तर सर्जन तयारीत राहतो. ती काय किंवा रक्त पातळ करणारी गोळी काय, मनाने बंद करायची नाही, फक्त सांगायचं. मधुमेह्याचा मागचा पडदाही तपासून घ्यावा लागतो, कारण तो खराब असेल तर नुसता मोतीबिंदू काढून नजर पुरती परतत नाही. शुगर चढलेली असेल तर जंतुसंसर्गाची भीती वाढते.

ऑपरेशननंतर काही आठवडे थेंब टाकावे लागतील. डोळ्यांत थेंब टाकल्याने किंवा बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तेव्हा घरातल्या इतर रोजेदारांनीही त्या भीतीने उपचार टाळू नयेत.

चाचा अजूनही सहरीला सगळ्यांबरोबर उठतात. नंतर वेळेवर नाश्ता, गोळ्या आणि वहीत नोंद : तारीख, वेळ, शुगर, रक्तदाब. अक्षर मोठं, ओळी तिरक्या, पण एकही दिवस कोरा नाही. काल वही माझ्यापुढे धरून म्हणाले, “वाचून दाखव. मला अजून दिसत नाही, पण ड्युटी चालू आहे.”